उंबऱ्यावरचं अंडं

ईस्टरचा रविवार, संध्याकाळ

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर अंडं, त्यावर लाल-पिवळे ठिपके. कुणीतरी उतारा ठेवलाय, हेच पहिलं मनात आलं. हात न लावता झाडूने सुपलीत ओढलं, कचऱ्यात टाकलं, वर दारात मिठाचं पाणी शिंपडलं.

आत्ता समोरची रिया आली. पहिलीतली पोर. "आंटी, माझं ईस्टरचं अंडं बघितलं? बाकी सगळ्यांना निळं दिलं. तुमच्या देवाला असतात ना, तसे हळद-कुंकवाचे ठिपके फक्त तुमच्यासाठी!"

"आत जपून ठेवलंय," मी बोलून गेले. का बोलले?

"उद्या दाखवा हां."

आता अंडं उकडून ठिपके काढत बसलेय. तिचे कसे गोल होते. माझं मात्र खरंच उताऱ्यासारखं दिसतंय.