पीएचडीच्या आधीचा पाया

३ जानेवारी, सकाळी ७.४०
संकल्प : पीएचडी करायची. कारण वैयक्तिक नाही, तत्त्वाचं आहे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं झाली मला. काल मुख्य कार्यालयातून नवा अधिकारी आला. वय अठ्ठावीस, नावाआधी डॉक्टर. त्याला हातांची खुर्ची. मला स्टूल.
उद्यापासून रोज पाचला उठणार. आजपासूनच उठणार होतो, पण गजर चुकून संध्याकाळचा लागला.

९ जानेवारी
परदेशातल्या एका मोठ्या प्राध्यापकांना तीन पानी ईमेल पाठवली होती. आज उत्तर आलं! एकच ओळ : पाण्याबद्दल आस्था आहे हे कळलं, पण नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे?
प्रभावित झालेले दिसतात. एवढा व्यस्त माणूस उगाच कुणाला प्रश्न विचारत नाही.

१७ जानेवारी
प्रश्न अजून सुचलेला नाही. स्टुलावर बसून प्रश्न सुचत नाहीत.
निर्णय : थेट पीएचडी नाही. आधी परदेशात मास्टर्स. पाया पक्का हवा. हिला सांगितलं. ही म्हणाली, पायाच घालत बस, भिंती नातवंडं बांधतील. आमची मुलगी सात वर्षांची आहे. बायकांना दूरचं फार दिसतं.
आमच्या प्रयोगशाळेत नवी लागलेली टिपणीबाई (सांगाल ते वहीत टिपते, म्हणून मीच नाव ठेवलं) म्हणाली, पण सर, पीएचडीला थेट अर्ज करता येतो ना? तिला पायाचं महत्त्व चाळीस मिनिटं समजावलं. बिचारी सगळं टिपत होती.

२ फेब्रुवारी
अर्जासोबतचा निबंध लिहायला घेतला. सुरुवात झकास झाली : 'लहानपणापासूनच मला पाण्याची विलक्षण ओढ होती.' ही माझ्या वडिलांना, अण्णांना, वाचून दाखवायला गेली. अण्णा म्हणाले, याला आंघोळीला धरून आणायला दोन माणसं लागायची.
वाक्य काढलं. आता निबंधात फक्त नाव आणि पत्ता उरला आहे.

२० फेब्रुवारी
इंग्रजीची परीक्षा. तोंडीत अविस्मरणीय प्रवासाबद्दल दोन मिनिटं बोला म्हणाले. मी सांडपाण्याच्या प्रवासाबद्दल बोललो. परीक्षक मध्येच थँक यू म्हणाले. भारावले असावेत.

११ मार्च
गुण कमी आले. ही परीक्षा बोलक्या लोकांना झुकतं माप देते.

३० मार्च
चारपैकी तीन विद्यापीठांचा नकार. चौथं छोटं आहे, पण माणसं जाणणारं. परीक्षा नाही, निबंध नाही. अर्ज अकरा मिनिटांत भरून झाला.

३१ मार्च
प्रवेश मिळाला!! एका दिवसात! अण्णांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आत्या तर म्हणे रडली.
ही म्हणाली, पत्र पूर्ण वाचलंस का? पाच पानी आहे. मी म्हटलं, आनंदाची बातमी पहिल्याच ओळीत असते, पुढे नुसते नियम.

१० एप्रिल
राजीनामा दिला. साहेब म्हणाले, अरे, बिनपगारी रजा घे, घाई कशाला? मी म्हटलं, दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यातला मी नाही. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आदर वाटला असणार.
माझं टेबल तूर्त टिपणीबाईकडे जाणार. ती हळूच म्हणाली, सर, मीही एक अर्ज टाकलाय, थेट पीएचडीचा. प्रश्न तयार आहे म्हणे : गावातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यातच का बिघडतं. वाईट वाटलं. पाया नसलेलं पोर. निराश होऊ नकोस, एवढंच म्हटलं.

२८ एप्रिल
निरोप समारंभ. जाड लोकरी कोट भेट मिळाला. माझं भाषण पस्तीस मिनिटं. अण्णांचे डोळे भरून आले. हिचे नाही. ही घरी येताना म्हणाली, व्हिसाचं काय झालं? म्हटलं, विद्यापीठ कळवेल.

१४ मे, दुपारी
कळवेना, म्हणून मीच विचारलं : कोणत्या विमानतळावर उतरायचं, हॉस्टेल किती लांब, एक कोट पुरेल का.
उत्तर लगेच आलं. लिहितात, चिंता नसावी, आपल्याला कुठेही यायचं नाही. संपूर्ण अभ्यासक्रम घरबसल्या आहे. कॅमेरा चालू ठेवावा.
हिने पत्र काढलं. चौथं पान, दुसरा परिच्छेद. मोठ्याने वाचलं नाही. नुसतं बोट ठेवलं आणि चहा टाकायला गेली. चहा आणून शेजारी बसली. बराच वेळ बसली. वही उघडी होती, पण लिहायला सुचलं नाही. हे सगळं संध्याकाळी लिहितोय.

२ जून
साहेबांना भेटलो. जागा रिकामी आहे म्हणाले! टिपणीबाई पीएचडीसाठी निवडली गेली, पुढच्या महिन्यात परदेशी निघाली. साहेब म्हणाले, तुझी जुनी जागा मात्र वरून भरली गेली, तिची देता येईल, हंगामी. घेतली. तळापासून सुरुवात केली की संस्था नीट कळते.
कोट टिपणीबाईला देऊन टाकला. तिला तिकडे लागेल. वाकून नमस्कार केला तिने. म्हणाली, सर, तुम्ही चाळीस मिनिटं समजावलंत ना, त्या दिवशीच माझा निर्णय पक्का झाला. शिष्याचं यश ते गुरूचंच.

७ जुलै, संध्याकाळी ५
मास्टर्सचा पहिला वर्ग. हिने स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करून दिलं, मुलीला म्हणाली, हळू बोल, बाबा शिकतोय. विषय : पाण्याचा नमुना घेण्याची बाटली कशी धुवावी. अकरा वर्षं बाटल्याच धुतल्या आहेत, तरी नम्रपणे ऐकलं. मध्ये दोनदा शिक्षकांना सुधारलं. नंतर कळलं, माझा आवाज त्यांनी बंद ठेवला होता.
शेवटी छोटी चाचणी. दहापैकी सहा. उरलेले चार प्रश्नच चुकीचे होते.