एक केबल लावायची राहिली

मंगळवार, संध्याकाळ. करी रोड.

हॉस्पिटलातले मॉनिटर-कॉम्प्युटर एकमेकांशी जोडणारे तीन डबे, म्हणजे नेटवर्क स्विच, मीच एकाखाली एक जोडले होते. शेवटच्यापासून पहिल्याला आणखी एक केबल लावली असती, तर गोल पूर्ण होऊन एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहिले असते. केबल तोकडी पडली. म्हटलं, नंतर बघू.

आज दुपारी मधला स्विच बंद पडला आणि खालच्याचा संपर्क तुटला. वॉर्डात सिस्टरच्या टेबलावरचा, पेशंटचे ठोके दाखवणारा स्क्रीन काळा झाला. मी धावत गेलो. त्याच वेळात सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले.

डॉक्टर म्हणाले, "तसेही वाचले नसते." खरं असेल? पण ती एक केबल...

त्यांच्या मुलीने विचारलं, "दादा, काय झालं होतं?"

"मशीन बिघडलं, ताई."

"तुम्ही धावत तरी आलात," असं म्हणून तिने हात जोडले.

मीही जोडले.