चुकलेल्या पाळ्या

२४ सप्टेंबर १९९१, मंगळवार

पंखा लावायचा नाही! लावला की चिठ्ठ्या उडतात. आमलीतल्या या खोलीला खिडकी एकच, तीही खालच्या फरसाणवाल्याच्या भट्टीवर उघडते. घामाने शाई फुटतेय. सबंध जमिनीवर कागद. चहाला उठायचं तर लंगडी घालत जावं लागतं. या वयात!

नरोली-खडोलीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं, टेप केलं, टेप ऐकून शब्द न् शब्द उतरवला. आता ते सगळं पुन्हा पुन्हा वाचायचं, वाक्यं कापायची, सारखी वाटतील ती एका ढिगात घालायची आणि ढिगाला नाव द्यायचं. त्या नावाला म्हणायचं सूत्र. सुधाकर सर मुंबईहून फोनवर शिकवतात — "मंगला, ढीग म्हणजे सूत्र नव्हे. ढीग बोलला पाहिजे." बोलतो की! 'बाई, पंखा लाव' म्हणतो.

'अंगदुखी'वर वरवंटा ठेवलाय, 'ठेकेदाराचा धाक'वर तांब्या, 'सासरचा जाच'वर कुलूप, 'खाडे'वर कांदा. कांदा संध्याकाळी भाजीत गेला, तेव्हापासून खाडे वाऱ्यावर.

२७ सप्टेंबर

आज दुर्गाला कापलं. म्हणजे तिच्या मुलाखतीला! काय लिहितेय मी.

दुर्गा शिरपूरकडची. नरोलीच्या चाळीत एक खोली. दोन मुली, थोरली गुड्डी. दुर्गा खडोलीला प्लास्टिकच्या कारखान्यात, नवरा नथू सुताच्या कारखान्यात. सासू आक्काबाई घर आणि पोरी सांभाळते. ऑगस्टअखेर मी गेले, तेव्हा ही सासू सबंध वेळ उंबऱ्यावर ठाण मांडून बसलेली. डोळे बाहेर, कान आत. असल्या सासवा कोकणात पायलीला पन्नास मिळतात. मला तिचा असा राग आला! तिच्यापायी पोरगी मोकळं बोलेना. ही नोंदही कुलपाखाली सरकवली.

दुर्गा शेवटी भराभर बोलून गेली, टेप संपता संपता —

"ताई, दोन पाळ्या चुकल्या. त्यांना कळलं तर परत वापीला नेतील. वापीला नाही जायचं मला. माझ्या भावाला कळवता का तुम्ही?"

पाळ्या चुकल्या — खाडे. त्यांना कळलं तर — ठेकेदाराचा धाक. वापी म्हणजे तिकडचे कारखाने, तिकडे बदली. भावाचं काही कुठे बसेना. ते 'किरकोळ'मध्ये टाकलं.

२ ऑक्टोबर

सुट्टी. कारखाने बंद, खालची फरसाणाची भट्टीसुद्धा. ढीग मात्र चालू.

'खाडे' आणि 'ठेकेदाराचा धाक' एकत्र ठेवून पाहिले आणि एकदम लख्ख दिसलं! बाई आजारी पडते, पाळी चुकते, ठेकेदार शिक्षा म्हणून लांब वापीला नेतो — म्हणून बाई दुखणं लपवते. नाव दिलं : 'बदलीच्या भीतीने झाकलेलं दुखणं'. सरांना एसटीडीवरून वाचून दाखवलं. "वा! हे बोलतंय!" म्हणाले. मीही खुळी, येताना पाव किलो जिलबी घेऊन आले.

४ ऑक्टोबर

सरांचं नवीन खूळ. आपण काढलेलं बायकांना वाचून दाखवायचं. त्यांना पटलं तर सूत्र पक्कं. नाव कुणाचं घ्यायचं नाही, वाक्यं तेवढी वाचायची.

खूळ म्हटलं खरं, पण मनातून बरं वाटलं. नाहीतर आपण यांच्या घरात जातो, पोटातलं काढून घेतो आणि चालते होतो. निदान एकदा तरी परत द्यावं.

९ ऑक्टोबर

नवरात्र बसलं. गरब्याचे भोंगे. डोकं उठलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काय करून बसले मी.

नरोलीच्या चाळीच्या अंगणात सगळ्या जमल्या. सतरंजी घातली, कुणी चहा आणला. सुमन म्हणून आहे एक, धुळ्याकडची, तोंडाने फाटकी पण मनाची चांगली, तिने सगळ्यांना गोळा केलं. दुर्गा मागे बसलेली, मांडीवर धाकटी. आक्काबाई नेहमीसारखी कडेला.

अंगदुखी वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या. संडासाचं वाचलं, हशा. मग माझं लाडकं सूत्र! घसा खाकरला आणि मोठ्याने वाचलं — "एक बाई म्हणते, दोन पाळ्या चुकल्या. त्यांना कळलं तर परत वापीला नेतील." आणि वर माझं शहाणपण — "म्हणजे बघा, खाडा झाला की ठेकेदार वापीला धाडतो, या भीतीपोटी..."

सुमन फिस्सकन हसली. "अवो ताई! ती पाळी नाही वो ती! त्या पाळीचं ठेकेदार काय करीन?"

सगळ्या हसल्या. आणि हसता हसता एकेक गप्प झाली. वापीला एकदा जाऊन आलेली त्या चाळीत एकच आहे. गेल्या वर्षी पोटात तिसरी मुलगी आहे म्हणून डॉक्टरने फोटोत पाहिलं आणि मोकळी करून आणली. सगळ्या चाळीला ठाऊक, मला तेवढं नव्हतं; सुमनने मागाहून सांगितलं. मान कुणी वळवली नाही, पण दुर्गाकडे बघायचं टाळणाऱ्या इतक्या बायका मी एका वेळी पाहिल्या नव्हत्या.

दुर्गा उठून आत गेली. तिच्यामागे आक्काबाई. दार लागलं.

नाव घेतलं नव्हतं मी! एकीचंही नाव घेतलं नव्हतं!

१४ ऑक्टोबर

मला का कळलं नाही? आमच्याकडे आई-काकू 'कावळा शिवला' म्हणायच्या, 'बाहेरची' म्हणायच्या. इथल्या बायका 'अडचण' म्हणतात. मुलाखतींत जिथे जिथे पाळी आली तिथे दिवसपाळी, रातपाळी. मग माझ्या कानाला ती सवयच लागली. दुर्गाने तो शब्द मुद्दाम वापरला असणार, दाराबाहेर कुणी ऐकलं तर कामाचं बोलतेय वाटावं म्हणून. मला मात्र कळेल असं तिला वाटलं. बाईमाणूस आहे, शिकलेली आहे! आणि मी तिचं वाक्य कात्रीने तीन ठिकाणी तोडलं. अख्खं ठेवलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

भावाला कळवा म्हणाली होती. किरकोळ! कर्म माझं.

सरांना फोन केला. म्हणतात, "मंगला, अगं हे फार मोलाचं सापडलंय. दुहेरी भाषा! हेच सूत्र." मी म्हटलं, सर, तिला वापीला नेतील. कायदा आहे ना? "महाराष्ट्रात आहे. तुमच्या त्या केंद्रशासित भागात नाही, शेजारी गुजरातेतही नाही. आणि आपण मध्ये पडायचं नसतं. आपण ऐकणारे."

ऐकलं कुठे?

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय यांचं. फोन आपटला. बूथवाला भाई म्हणाला, "बेन, धीरे धीरे."

१५ ऑक्टोबर

दुर्गा भेटली. नळावर गाठलं, पाण्याच्या रांगेत. कळशी भरेपर्यंत काय ते बोलणं.

म्हटलं, चुकलं गं माझं. ती पाण्याकडेच बघत होती.

"त्या दिवशी सांजलाच समजलं त्यांना. सगळी चाळ बोलत होती. रविवारी सुट्टी आहे, रविवारी वापी."

"मी बोलते तुझ्या सासूबाईंशी. हातापाया पडते वाटल्यास."

तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं तिने. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नका बोलू, ताई. आता काहीच नका बोलू. पुष्कळ झालं."

भावाचा पत्ता विचारला. मागची रांग ओरडायला लागली, ती कळशी उचलून गेली.

१६ ऑक्टोबर

पोलिसचौकीपर्यंत गेले. काय सांगणार? सासू सुनेला डॉक्टरकडे नेतेय? हवालदार विचारेल, मग? चांगली सासू आहे!

परत आले. रस्त्यात रडले. रिक्षावाले बघत होते, बघू देत.

१७ ऑक्टोबर

दसरा. घरमालकांच्या सुनेने आपट्याची पानं आणून हातात दिली. सोनं घ्या म्हणाली. घेतलं. मला माझ्या हाताचाच तिटकारा आलाय.

१८ ऑक्टोबर

ठरवलं. दुर्गा नको म्हणाली तरी उद्या जाऊन त्या म्हातारीचे पाय धरायचे. अपमान करील. करू दे. झोडपलं तरी हलायचं नाही. फार तर काय, चाळीत शोभा होईल. ती तर झालीच आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कुलूप.

सुमन म्हणाली, "दुपारीच गेल्या वापीले, सासू-सून. पोरींले पण नेलं."

रविवार म्हणाले होते ना! एक दिवस आधीच नेलं. मी येईन अशी भीती वाटली असेल म्हातारीला. आणि पोरी कशाला? आईला आत नेताना बघायला? काय काळजाच्या असतात या बायका! स्वतः बाई असून! नथू बिचारा कामावर होता म्हणे, त्याला तरी पत्ता होता की नाही कोण जाणे.

मी त्या कुलपासमोर उभी राहिले. हात लावून पाहिलं, काय उपयोग. सुमनने पाणी दिलं, ते सांडलं. घरी येऊन पंखा लावला. पाचावर. उडू देत म्हटलं सगळं.

२० ऑक्टोबर

चिठ्ठ्या अजून तशाच. कोण उचलणार.

२१ ऑक्टोबर

सरांचा निरोप घरमालकांकडे — अहवाल दिवाळीच्या आत हवा. मी कळवलं, ताप आहे. नाहीये. नरोलीला जायचं धाडस होत नाही. दुर्गा परत आली असेल, निजलेली असेल, तिच्यासमोर हे तोंड घेऊन काय उभी राहू?

२३ ऑक्टोबर

आक्काबाई आली. एकटी, आपण होऊन. उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला, ओठ फुटून सुजलेला.

"दुर्गाले गाडीमा बसाडी दिधं," म्हणाली.

वापीला म्हणजे दवाखान्यात नव्हे, स्टेशनावर! इथे रेल्वे कुठे आहे? वापीहून सुरत, सुरतेहून भुसावळची गाडी, नरडाण्याला दुर्गाचा भाऊ. पोरीही माहेरीच. नथू कामावरून सुटायच्या आत. दुर्गाला दिवस गेल्याचं तिला पहिल्यापासून माहीत होतं. मुलाखतीच्या दिवशी उंबऱ्यावर बसली होती ती लेक येतो का ते बघायला. 'त्यांना' म्हणजे नवऱ्याला. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई दुसरं काय म्हणणार!

आणि परत एकटी का आलात, तुम्हीही जायचं होतंत, असं मी म्हटलं. "मंग त्याले रांधी कोन घालीन?"

हात कुणी मोडला ते मी विचारलं नाही. सरकारी दवाखान्यात चला म्हटलं, तर तयार झाली. पडले म्हणून सांगायचं, एवढीच अट. चपला घालताना खोलीभर पसरलेल्या कागदांकडे बघत राहिली.

"ताई, मन्हा पोरनं, नथूनं, नाव कोठे लिखू नका."

नाही लिहिणार, म्हटलं.