खरवडीचा वाटा

इंदिरानगर, बंगळूर
१२ एप्रिल १९९७

प्रिय शुभंकर,

लग्नाची पत्रिका पोचली. तुझ्या नावाशेजारी पवित्राचं नाव छापलेलं पाहून इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण गधड्या, पाकिटावर नुसतं 'सौ. वासंतीवहिनीस'? अण्णाचं नाव घालायला शाई संपली होती? तुझं येलहंका काही परदेशात नाही. एकाच गावात दोघे सख्खे भाऊ राहता आणि वर्ष उलटून गेलं तरी एकमेकांचं तोंड बघत नाही. तुझ्यावर अक्षता टाकायला घरची मी एकटीच असणार, हे मनात आलं आणि मी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

मी या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास. सासूबाई जाऊन दोन वर्षं झालेली, स्वयंपाक तुझा अण्णा करायचा. भात रोज बुडाला लागायचा आणि ती खरवड तुझ्या वाटीत पडायची. तुला वाटायचं, ते पक्वान्नच आहे! पुढे मी तो गोल ओव्हन घेतला, तेव्हा माझे केकही डब्याला चिकटून बसायचे. मी रडकुंडीला यायची आणि तू वाटी घेऊन टपलेला. सगळ्या बंगळुरात माझा केक बिघडल्याचा आनंद होणारा तूच एक.

मग ऑर्डरी येऊ लागल्या. तुकडे झालेला केक कोण घेणार? शेजारच्या प्रेमाअक्कानं डब्याला कागद लावायला शिकवलं. पहिल्या वेळी आपण घरातलं कन्नड वर्तमानपत्र लावलं होतं, आठवतं? केक सुटला झकास, पण बुडावर उलटी अक्षरं उमटलेली. तू आरसा धरून त्यातली बातमी वाचून दाखवलीस आणि हे हसता हसता खुर्चीवरून पडायचे बाकी होते. नंतर बटर पेपर आणला. डबा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची, गोल कापायचा, कडेच्या पट्टीला खालून कात्रीनं झालर करायची, म्हणजे ती बुडाशी नीट बसते. वर लोण्याचा हात. ते सगळं काम तुझं. एवढा घोडा झालास, नोकरीला लागलास, तरी खरवड गेली म्हणून कुरकुरायचास आणि सोललेला कागद चाटत बसायचास.

आणि मग आली ती पाकिस्तानबरोबरची मॅच. आपल्याच गावात, सगळी गल्ली टीव्हीपुढे, मग तुझं लक्ष डब्यांत कसं असणार? एका डब्याला कागद लावायचा राहिला. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या साहेबांच्या नातीचा वाढदिवस. सकाळी डबा उलटा केला तर अर्धा केक ताटात, अर्धा डब्यात. साहेबांचा ड्रायव्हर दारात उभा. त्या परक्या माणसासमोर हे तुला म्हणाले, "आमच्या खरवडीवर वाढलास, अक्कलही तेवढीच राहिली." उचलली जीभ लावली टाळ्याला! तू हात धुतलेस, बॅग भरलीस. आणि मी काय केलं? डबा खरवडत उभी राहिले. "अहो, पुरे" एवढं जरी तोंडातून निघालं असतं तरी तू जिन्यावरून परत फिरला असतास. फार वाईट वाटतं रे. कागद कापायला बसले की हमखास ते आठवतं. आता मीच कापते, आणि माझी झालर वाकडी होते.

ह्यांचं विचारशील तर तब्येत बरी आहे, तोरा तसाच आहे. पत्रिका हातात घेतली, पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "तुला बोलावलंय, तू जा." मी भांडले. पण खरं सांगू, त्यांचं तरी काय चुकलं? तू त्यांना बोलावलंच नाहीस. दोघेही एकाच माळेचे मणी.

काल ऑर्डर नव्हती. मी मुद्दाम केक केला आणि डब्याला कागद लावला नाही, लोणीही नाही. का, ते विचारू नकोस. केक असा काही चिकटला की बोलायची सोय नाही. मी सुरी शोधतेय तोवर हे चमचा घेऊन डब्याशी बसले. मला वाटलं, खातील. तर कडेची, बुडाची सगळी खरवड त्यांनी तुझ्या जुन्या वाटीत गोळा केली, वर ताटली झाकली आणि कपाटात ठेवली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "असू दे. आलाच तर लागेल." आणि बाहेर जाऊन बसले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझी गोष्ट निघाली, शुभंकर. म्हणून लगेच लिहायला बसले. थोरल्या भावाला पत्रिका पोस्टानं पाठवत नाहीत रे, अक्षत घेऊन दारात यावं लागतं. ये, पवित्रालाही आण. पण उशीर करू नकोस. उन्हाळा आहे, वाटीतलं फार दिवस टिकायचं नाही, आणि हे मला ती वाटी हलवू देत नाहीत.

तुझीच,
वासंतीवहिनी