हेडफोन आणि बाबांचं मशीन

२ नोव्हेंबर, रविवार

हेडफोन कानावर चढवले की घर बंद! संघपालनं वाढदिवसाला दिले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता शनिवारी मोर्शीच्या नोकरीवरून घरी आला की तोच म्हणतो, "काढ ना ते, नवरा आला तुहा." वायर नाही, गुंता नाही. पोळ्या लाटताना गाणी, भांडी घासताना अकोल्याच्या वर्षालीशी गप्पा. बहीण थेट कानात.

खरं कारण बाबा. सासऱ्यांनी जन्मभर एसटी चालवली, इंजिनाशेजारी बसून कान गेले. सासूबाई होत्या तोवर त्या ओरडायच्या, आता मी ओरडते. टीव्ही इतका मोठा की शेजारच्या जमुनाबाई आपल्या घरात बसून आमच्या बातम्या ऐकतात! म्हणून मागच्या आठवड्यात अकोल्याला नेऊन त्यांना कानाचं मशीन बसवलं. त्याचा आवाज मोबाईलवरून कमीजास्त करायचा. बाबांचा मोबाईल बटणांचा, म्हणून दुकानदारानं मशीन माझ्याच मोबाईलला जोडून दिलं.

बाबा खूश आहेत. "भावना, चहा ओतताना आवाज होते! मले मालूमच नोतं." पाल चुकचुकली तरी मला सांगायला येतात. मी हसते. पण इथं खरं लिहायला काय हरकत आहे — ते बहिरे होते तेव्हा मला घरात मोकळं बोलता यायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल शाळेत माझा तास नव्हता तेव्हा वर्षालीला फोन करून बाबांचं गाऱ्हाणं गायलं. सकाळी तिचा बोललेला निरोप आला व्हॉट्सॲपवर. डबा भरता भरता हेडफोन घालून लावला, तर आवाजच नाही. आवाज वाढवला. परत लावला. पूर्ण वाढवला, तिसऱ्यांदा लावला. मख्ख शांतता. वैतागून ठेवून दिला.

बाबा स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. अर्धा कप तसाच ठेवून उठले. साखर कमी पडली असेल.

मधल्या सुटीत नुसताच मोबाईल कानाला लावला तर निरोप ठणठणीत! "तू म्हणतं तसंच हाये ताई. बहिरा होता तेच बरं होतं, आता बुढा घरभर कान लावून फिरते. भातकुलीले धाडून दे त्याले, शालिकरामकाकाकडं. भाऊजी चार दिवस फुगतीन, मंग होते सारं ठीक." भातकुली बाबांचं गाव, शालिकरामकाका त्यांचे भाऊ. बुढा हा शब्द माझाच, तिनं फक्त परत केला. हसले मी. हसरा चेहरा पाठवलासुद्धा.

६ नोव्हेंबर

बाबांनी मशीन काढून डबीत ठेवलं. म्हणे, टोचते. एवढा खर्च करून! परत टीव्ही मोठा, परत माझं ओरडणं.

८ नोव्हेंबर, शनिवार

कसं लिहू.

संघपाल आला. जेवताना बाबा म्हणाले, "म्या ठरवलं. बुधवारी भातकुलीले जातो. शालिकरामच्या वावरात राहीन, तिथं कोनाले काही तरास नाही." संघपालचा घास हातातच राहिला. मला आत बोलावून विचारलं, "तू काही बोलली काय त्याहिले?" मी म्हटलं, नाही. खरंच वाटत होतं नाही म्हणून. आणि आत कुठंतरी बरंही वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

मग तो म्हणाला, "मशीन तरी पाह्य, खराब असन तर बदलून आनू." संध्याकाळी तो आंघोळीला गेला, मी कणीक मळता मळता डबीतून मशीन काढून परातीशेजारी ठेवलं. हेडफोन घातले, गाणं लावलं. आवाज नाही. बुधवारसारखंच. हेडफोन काढले तर परातीशेजारी काहीतरी बारीक कुजबुजत होतं. मशीन उचलून कानाशी धरलं.

माझं गाणं.

माझा मोबाईल हेडफोन सोडून त्यांच्या मशीनला आवाज देत होता. बुधवारी वर्षाली माझ्या कानात नव्हती, ती बाबांच्या कानात होती. एकदा नाही. आवाज वाढवून वाढवून, मी माझ्या हातानं तिला तीनदा बोलायला लावलं! आणि ते माझ्यापासून दोन हातांवर चहा घेऊन बसले होते. वळून पाहिलंसुद्धा नाही.

खालीच बसले. कणीक तशीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

बुद्धविहारात वंदनेला गेलो, तिघंही. मशीन नसल्यानं बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. संघपाल शेजारी उभा होता. त्याला दिलेलं 'नाही' काल रात्रीपासून खोटं झालंय, आणि मी ते दुरुस्त केलेलं नाही. मी नुसते ओठ हलवले.

बाबा बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होते, "सून चांगली हाये माही. मलेच गावाची आठोन येऊन राहिली." मोठ्यानं. अख्ख्या विहाराला ऐकू गेलं. मला चपला सापडेनात.

संध्याकाळी संघपाल मोर्शीला गेला. बसस्टँडवर त्याला सगळं सांगितलं. गाडीत चढताना तो एवढंच म्हणाला, "मले नको सांगू. त्याहिले सांग."

१० नोव्हेंबर

सांगायला गेले. बाबा ओट्यावर संत्री सोलत होते. "बाबा, माझं चुकलं." ऐकू गेलं नाही. जवळ बसून परत म्हटलं. "मोठ्यानं बोल वं!" आता मोठ्यानं काय बोलू? तुम्हाला मी बुढा म्हटलं, घालवून द्यायची गोष्ट केली — हे ओरडून सांगू? तरी घसा खाकरला, "बाबा, चुकलं माझं!" तर कुंपणापलीकडून जमुनाबाई, "काहून वं भावना, काय झालं? काय चुकलं?"

"भाजीत मीठ," म्हटलं, आणि आत आले. किती भ्याड आहे मी. बहिऱ्या माणसाची हळू आवाजात माफी मागता येत नाही, आणि जगाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मागायला माझी छाती नाही. निंदा करायला बरा हळू आवाज पुरत होता!

बाबांनी अर्धं संत्रं माझ्यासाठी ठेवलं होतं. खाल्लं गेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन चार्ज करून त्यांच्या कपाशेजारी ठेवलं. हात लावला नाही त्यांनी. सकाळीच पिशवी भरली — दोन धोतरं, स्वेटर, सासूबाईंचा फोटो. फोटो त्यांनी आधी माझ्या ओढणीनं पुसला आणि ओढणी घडी करून परत दोरीवर टाकली.

वर्षालीचा फोन. हेडफोन घातले नाहीत. "सॉरी म्हण ना ताई अन् मोकळी हो." तिच्यावर चिडले. मग स्वतःवर. तिनं काय केलं? माझंच मला ऐकवलं.

शाळेत जीव रमला नाही. सुटल्यावर रिकाम्या वर्गाचं दार लावून बसले आणि मोबाईल तोंडाशी धरून सगळं रेकॉर्ड केलं. खूप अडखळले. पुसलं नाही, तसंच ठेवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मोबाईलवर दिसलं, मशीन जोडलं गेलंय. बाहेर पाहिलं तर बाबा ओट्यावर, पाठमोरे, पिशवी शेजारी. प्रवासापुरतं घातलं असेल. कालचं माझं बोलणं लावून टाकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यांची पाठ हलली नाही. संपलं तरी ते तसेच बसून. भातकुलीची दहाची गाडी निघून गेली.

मग मान न वळवता म्हणाले, "आवाज बारीक आला वं. वाढव जरा. अन् आनखी दोनदा लाव."