हिरवं बटण

१६ एप्रिल
एचएसआर लेआउटच्या सार्वजनिक बालवाचनालयात आज ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. पुण्याहून या कानडी शहरात येऊन महिना झाला; नवरा अरविंद दिवसभर व्हाइटफील्डच्या ऑफिसात आणि मी घरात भिंतींशी गप्पा मारतेय, त्यापेक्षा हे झकास! बुटक्या खुर्च्या, नव्या पुस्तकांचा वास. दारावरचे कृष्णमूर्ती अण्णा इथल्या जुन्या मराठी घरातले. 'अक्का, स्वल्प कॉफी?' म्हणत आपलंसं केलं. दारावरच्या अ‍ॅपमध्ये माझंही नाव घातलं. कुणाला न्यायला कोणी आलं, की अण्णा टॅबवर फोटो काढून घरच्यांना पाठवतात. घरच्यांनी हिरवं बटण दाबलं, की सोडायचं. माझं बटण अरविंदकडे. मला हसूच आलं. हा माणूस मीटिंगमध्ये बसून आमच्या सोसायटीच्या अशाच अ‍ॅपवर दूधवाल्यापासून कुरियरपर्यंत सगळ्यांना न बघता हिरवं करतो.

२१ एप्रिल
वाचनालय कसलं, क्लोक रूम आहे. सुट्टी लागली, की दहाला मुलं ठेवायची, सहाला उचलायची. 'लहान मुलांसोबत थांबा' अशी पाटी तीन भाषांत आहे. इथे सर्वांत कमी वाचलं जाणारं साहित्य तेच. सात वर्षांची सिद्धी मात्र मोठमोठ्याने वाचते आणि माझ्याशी भांडते. राक्षसाने पोरं पळवली, तेव्हा त्यांची आई कुठे होती, म्हणे.
दंगेखोर रणवीरला न्यायला मोतिया साडीतली एक बाई आली. हिला मी ओळखत नाही, असं तो म्हणत होता. आईकडून हिरवं आलं. सोडला.

२२ एप्रिल
टेबलं बडवणारा रणवीर आज मांडीवर हात ठेवून सहा तास बसला. पुस्तक उलटं. आई खूश: मॅडम, काय शिस्त लावलीत! त्या बाईबद्दल विचारलं, तर असेल एजन्सीची कुणी मावशी, म्हणाली. असेल!

२५ एप्रिल
आता अशी पाच मुलं झाली. एका रांगेत बसतात. पापण्या एकदम मिटतात.
टॅबमधले फोटो काढून पाहिले. दार आहे, पायपुसणं आहे. बाई नाही. पाच फोटो, पाच रिकामी दारं, पाच हिरवी बटणं. एकाही आईबापाने फोटो उघडला नाही! बिर्याणीत अंडं कमी आलं तर हेच लोक अर्धा तास भांडतील.

२८ एप्रिल
आज ती बाई सिद्धीसाठी आली. सिद्धीच्या आईने, संयोगिताने, चार सेकंदांत हिरवं केलं. पोरीला कपाटामागे घट्ट धरून मी फोन लावला. कॉलवर आहे, अप्रूव्ह केलंय ना, म्हणाली. मी ओरडले, बाई, बाळंत झालात तेव्हाही कॉलवरच होतात का? फोटो उघडा!
पलीकडून किंकाळी. वीस मिनिटांत अनवाणी धावत आली, लेकीला उचलून घेऊन गेली.

मोतिया साडीतली बाई दारातच. रागावली नाही. अण्णांना म्हणाली, सरी, बरं, मग दुसरं कुणी —

उभ्याउभ्या लिहितेय. अण्णा हात लावत नाहीत, टॅबवर आपोआप — माझं नाव —

अरविंद उचलत नाही. पुन्हा लावला. मीटिंग. अरे, एकदा बघ. फोटो एकदाच —

पाचही मुलं उठलीत. रांगेत जागा करून एक बुटकी खुर्ची सरकवताहेत. माझ्यासाठी —

टॅब वाजला. हिरवं झा