सात लेकरांचं पान

२१ जानेवारी १९६३
यवतमाळहून आलेलं चित्रांचं पुस्तक आज बालवाडीत उघडलं. एक जहाज, दोन फुगे, तीन पेंग्विन. "बाई, हे बदक असं काहून उभं आहे?" चंद्रीनं विचारलं. मला तरी पेंग्विनचं काय ठाऊक! आमचं गाव मारेगावच्याही पुढं दोन कोस. इथल्या लेकरांना जहाज कुठून दाखवू? पुस्तक मिटलं. आपणच एक करायचं.

२७ जाने.
रहीमचाचा शिंप्यांनी कापडाच्या खोक्यांचे पुठ्ठे दिले, वर दाभणानं शिवूनही दिले. रंग घरचेच. गेरू, नीळ, हळद, काजळ. गोल म्हणजे भाकर, चौकोन म्हणजे पाटी, त्रिकोण म्हणजे छपराचं टोक. दोनला बैलजोडी, तीनला पेरणीच्या तिफणीचे दाते, चारला बाजेचे पाय. लुगड्याच्या काठाचं पान फार छान साधलं. एक पट्टी, दोन ठिपके, परत पट्टी... पुढं काय येणार ते लेकरांनी सांगायचं. चंद्री बरोब्बर सांगते. चार वर्षांची आहे फक्त.

३१ जाने.
सातला काय काढावं सुचेना. शेवटी आमच्या बालवाडीतलीच सात लेकरं काढली, रांगेत उभी. सगळी ओळखू येतात. चंद्री सर्वांत पुढं, शेंबडासकट. हसून हसून पुरेवाट झाली पोरांची.

३ फेब्रु.
पानावर बोट ठेवून नावं घेत मोजतात. सगळ्यांना सातपर्यंत आलं! महिनाभर पाटीवर घासून जमलं नव्हतं. बालवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविकाबाईंना कळवलं. त्या १५ ला येणार आणि पुस्तक सोबत नेऊन तालुक्यातल्या सगळ्या बालवाड्यांना दाखवणार. निरोपात म्हणतात, एकही चूक राहू देऊ नका. कशी राहील? इतका आनंद झालाय की...

६ फेब्रु.
चंद्रीची आई, गंगूबाई, वेचणीवरून तशीच आली. ओटीत कापूस तसाच. म्हणाली, "बाई, लेकरं मोजू नाही."
मी चिडले. म्हटलं, गंगूबाई, आपण एकाच दिवशी दीक्षा घेतली. देव्हारे उचलून बाहेर केले. आता हे नजरेचं खूळ कशाला?
"दीक्षा घेतली मनून का लेकरू लेकरू नाही राह्यलं? दोन मातीत घातले म्या. कोनी इचारलं किती लेकरं, तं मी आकडा सांगत नाही. अन् तुमी रोज बोट ठिवून मोजून राह्यल्या."
मी पान काढून टाकलं नाही. वर्ग माझा, पुस्तक माझं. आमची आईही आम्हा भावंडांना कधी मोजायची नाही, हे आत्ता लिहिताना आठवलं.

१० फेब्रु.
वस्तीत गोवर आला. पहिली चंद्री.

१२ फेब्रु.
आज बालवाडीत एकही लेकरू नाही. आजारी आहेत दोघं-तिघं, बाकीची आयांनी घरी ठेवली. विहिरीवर बायका माझ्याशी बोलेनात. गोवर काही पुस्तकातून येत नाही, शेजारच्या गावातही आहे, मला सगळं कळतं. पण गोवर आला तो पहिला चंद्रीला, आणि पानावरही पहिली तीच. हे डोक्यातून जातच नाही.

१३ फेब्रु.
मारेगावच्या दवाखान्यातून औषध आणून गंगूबाईकडे गेले. पोरगी डोळे उघडत नाही. श्वास भराभर चालतो, छातीत घरघर. वाटलं, गंगूबाई मला उंबऱ्यावरूनच हाकलेल. तिनं पाट दिला. मीच म्हटलं, पान फाडून टाकते.
"फाडू नोका, माय! फाडलं तं लेकरंच फाडल्यासारखं होते. त्याच्यात एक लेकरू जादा काढा. मोजनी चुकली पायजे, मंजे नजरही चुकते."
मोजायला शिकवणाऱ्या पुस्तकात मोजणी चुकवू? आणि परवा मुख्यसेविकाबाई येणार! बघते म्हटलं आणि निघाले.

१४ फेब्रु., दुपार
आठवं लेकरू काढायचं तर कोणाचं? एकेकाचं नाव घेऊन पाहिलं. ब्रश टेकवेना. काही मानत नाही म्हणणाऱ्या बाईचा हात अडला. माझी मलाच लाज वाटली, पण नाहीच टेकवला.
शेवटी स्वतःलाच काढलं. लहानपणी होते तशी, परकर, दोन वेण्या. मागं जागा होती, तरी चंद्रीच्या पुढं काढलं. खाली आकडा ७ च ठेवला. उद्या मुख्यसेविकाबाई मोजतील. त्यांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. पुस्तक परत देतील. नोकरीवरही येईल कदाचित.
पुस्तक नेऊन ते पान गंगूबाईला दाखवलं. तिनं बोट न लावता बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चंद्रीचा ताप तसाच आहे.
घरी आले, हाताचा रंग धुतला. नजर-बिजर मी मानत नाही. हात पुसले आणि स्वतःच्याच कपाळाला लावून पाहिलं, ताप आहे का.